बापाची प्रार्थना

"पुन्हा म्हण," ऑड्री म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "हा तर बिशप झाला."

नॉर्मन ब्लँचर्डने खुर्ची खाटेला आणखी भिडवली. उभा जन्म सिनेमात गेला होता. राजा झाला, बटलर झाला, फाशी देणारा झाला, जर्मन सेनापती झाला; एकदा तर रबरी मुखवटा चढवून परग्रहावरचा म्हातारासुद्धा झाला. आणि आज शुश्रूषागृहाच्या या खोलीत बायकोचं मागणं एवढंसंच होतं. तुझ्या बापाची प्रार्थना म्हण, पण मला पहिल्यांदा भेटलास तेव्हा बोलायचास त्या आवाजात. आजचा दिवस निघेल, उद्याचं सांगवत नाही, असं डॉक्टर सकाळी सांगून गेले होते.

नॉर्मनचा बाप ग्रिम्सबी बंदराच्या गोदीत मासळी उतरवायचा आणि रविवारी चॅपेलमध्ये प्रवचन सांगायचा. सांगायचा कसला, गायचाच. शेवटची ओळ सगळं चॅपेल त्याच्यामागून उचलायचं.

"देवा, बोटी घरी आण. ज्या यायच्या नाहीत, त्या तुझ्या धक्क्याला लाव."

"न्यायाधीश," ऑड्री म्हणाली. "सिनेमात शेवटी विष घेतो तो."

त्याने घसा खाकरला, आवाज खाली आणला, पुन्हा म्हटलं.

"आता बटलर. अरे, देवाला चहा विचारतोयस की काय?"

दोघंही हसली. हसता हसता तिला धाप लागली. त्याने ओल्या बोळ्याने तिचे ओठ टिपले.

नाट्यशाळेत ती आवाज शिकवायची. गोदीतला हा पोरगा पहिल्यांदा तोंड उघडून बोलला तेव्हा सगळा वर्ग खिदळला होता. तिने त्याच्या दातांत बाटलीचं बूच धरायला लावलं आणि त्याची जीभ घासूनपुसून लख्ख केली. त्या नाताळात तो घरी गेला, तर आईने त्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि पाहुण्यांच्या कपात चहा दिला.

त्याने डोळे मिटले. बर्फातली मासळी आठवली, बापाचे भेगाळलेले हात आठवले, चॅपेलमधला ओल्या लोकरीचा वास आठवला. मग सावकाश म्हणू लागला, "द्येवा, बोटी घरला आन. ज्या यायच्या न्हाईत, त्या तुज्या धक्क्याला लाव..."

त्याच्याच अंगावर काटा आला. ऑड्रीने डोळे उघडले.

"सापडला तो आवाज?" त्याने विचारलं.

तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून उशीत गेलं.

"नाही रे. हा तू सिनेमात केलेला मच्छीमार कप्तान. गोदीवाल्यांच्या बोलण्याच्या टेप ऐकवून ऐकवून मीच तर बसवून घेतला होता तुझ्याकडून. गोदीतल्या त्या पोराला मीच घालवलं ना, नॉर्म?"

"वेडी आहेस का?" तो म्हणाला.

पण ते म्हणाला तो सिनेमातला, रुग्णाला धीर देणारा डॉक्टर होता. या खेपेला त्याचं त्यालाच ओळखू आलं.

"असू दे," ती म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याने सोडलं नाही. तीच प्रार्थना तो म्हणत राहिला, एकामागून एका आवाजात. राजाने म्हटली, फाशी देणाऱ्याने म्हटली, रबरी मुखवट्यातल्या म्हाताऱ्यानेसुद्धा म्हटली. ऑड्रीने मग एकालाही नाव दिलं नाही.

दार ढकलून अबेना नर्स आत आली. "मिस्टर ब्लँचर्ड, गेली का तुमची मंडळी? बाहेरपर्यंत ऐकू येत होती. एवढे जण एकदम आत नाही घ्यायचे, सांगितलं होतं ना मी!"

बोलता बोलता तिने ऑड्रीचं मनगट हातात घेतलं. नाडी लागत नव्हती. तिने ते मनगट हळूच चादरीवर ठेवलं आणि वरून आपला तळवा ठेवला.

"शेवटच्या क्षणी तुमच्या मंडळींपैकी होतं ना कुणीतरी त्यांच्याजवळ?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

नॉर्मनने खोलीभर नजर फिरवली.

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नव्हतं."