दगडावरचं पीठ

"ताई, बघा तरी! दहा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी याच दगडावर रानगवताचं बी भरडलंय," म्हणत कस्तुरीने मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची शलाकाला दिली. खुर्ची मुळात शलाकाचीच. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिची दगडी हत्यारं या कालच्या पोरीकडे आली; शलाका परतली तरी तिच्याकडेच राहिली. सहा वर्षं शलाकाने दगड तपासले, पण पिठाचा एक कण सापडला नाही. हिला आठ महिन्यांत सापडला, आणि विभागप्रमुख सर पेढे वाटत होते.

शलाकाने डोळा लावला आणि तिने लगेच ओळखलं. ही नाचणी होती, अगदी आजची; दहा हजार वर्षांपूर्वी ती इथे नव्हतीच. कस्तुरीने नमुना घेतला त्याच सकाळी, बाळासाठी नाचणीचं पीठ कालवून शलाका तशीच धावत आली होती. जागेवर कुणी नव्हतं. 'माझा दगड' म्हणत तिने तो हातमोजे न घालताच उचलला होता.

"काय गं, पाठवू ना शोधनिबंध?" सरांनी शलाकाला विचारलं.

गप्प बसावं. वर्षभरात कुणीतरी चूक पकडेल आणि सगळे कस्तुरीला हसतील. पण तेवढी वाट बघायचा धीर शलाकात नव्हता.

"थांबा सर. ही नाचणी माझ्या हाताची आहे," म्हणत तिने सगळं सांगून टाकलं.

कस्तुरीचा चेहरा खर्रकन उतरला.

"स्वतःची चूक अशी कबूल करायला धाडस लागतं हं," सर म्हणाले.

शलाकाने घाईघाईने मान खाली घातली. नाहीतर तिला झालेला आनंद सगळ्यांना दिसला असता.