घरामागचा कोबा

नळीचं पाणी अचानक थांबलं, तेव्हा तिचा निम्मा कोबा ओतून झाला होता.

पत्र्यावर सिमेंट, वाळू आणि खडीचा पुढचा ढीग कोरडा कालवून तयार होता. मधोमध आळं करून तिने त्यात नळी सोडली होती. नळीने दोन गुळण्या टाकल्या आणि ती गप्प झाली. तिने टोक झटकलं. नळी कुठे मुडपलीय का, ते वाकून पाहिलं. कुठेच नव्हती मुडपली. म्हणजे आतून कोणीतरी कॉक फिरवला होता. कोणीतरी कशाला, वडिलांनीच.

"बाबा, पाणी सोडा!" ती घराकडे तोंड करून ओरडली.

"पाणी माझ्या घरातलं आहे," आतून आवाज आला. "जागा तुझी ना? मग पाणीही तुझं तू बघ."

घरामागची ही जागा आजोबांनी जाताना नातीच्या नावावर केली होती. ते वडिलांना अजून गिळवत नव्हतं. जागा अडवता येईना, म्हणून त्यांनी माणसं अडवली. गवंडी आधी हो म्हणाला, मग फोनच उचलेना. मिक्सरवाल्याचं मशीन एकाएकी बिघडलं. शेवटी तिने दवाखान्यातून रजा घेतली, फावडं-घमेलं आणलं, खुंट्या ठोकून चारही बाजूंनी फळ्या उभ्या केल्या आणि सकाळी एकटीनेच पहिला ढीग कालवायला घेतला. ती नर्स होती. जड माणसं उचलायची तिला सवय होती. पण माणूस उचलताना तोही थोडा जोर लावतो. काँक्रीट तसली काही मदत करत नाही.

शेजारचे काका मघाशी कुंपणावरून डोकावून गेले होते.

"बाईमाणसाचं काम नाही गं हे," ते म्हणाले होते.

"मग तुम्ही या. दुसरं फावडं आहे."

काकांना तेवढ्यात घरातून कोणीतरी हाक मारली. निदान त्यांना तरी ती ऐकू आली.

हे सगळं सुरू झालं ते एका ताटावरून. भाजीत मीठ जास्त पडलं आणि वडिलांनी ताट भिरकावलं. त्यात नवीन काही नव्हतं. त्या घरात ताटं भिरकावली जात, दारं आपटली जात, आणि आई खाली बसून फरशी पुसत असे. फक्त त्या दिवशी लेकीने विचारलं, "बाबा, आता हे पुसणार कोण?"

"या घरात राहायचं तर तोंड मिटून राहायचं," वडील म्हणाले.

"मग नाही राहत या घरात. मागे माझी खोली बांधते."

वडिलांचा राग तिला सवयीचा झाला होता. जिव्हारी लागलं ते आईचं बोलणं. फडकं पिळता पिळता, वर न बघता आई म्हणाली होती, "तू उगाच वाढवू नकोस गं."

आणि आज सकाळपासून तीच आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. नुसती बघत. साधा पाण्याचा तांब्या नाही की एक शब्द नाही. लेकीला ती नजर मानेवर बसलेल्या माशीसारखी छळत होती. किती झालं, किती राहिलं, सगळी खबर आत पोचत असणार. नाहीतर नेमकं निम्म्यावर पाणी कसं बंद झालं?

ऊन चढलं होतं. ओतलेल्या काँक्रीटची कड पांढुरकी पडायला लागली. आता काम थांबलं, तर पुढचं मागच्याला धरणार नव्हतं. सांध्यावर भेग पडणार होती, आणि ती भेग बघून वडील जन्मभर हसणार होते. अवजारं धुवायला भरून ठेवलेली बादली तिने आळ्यात उपडी केली. ढिगाने ते पाणी पिऊन टाकलं, पुरतं भिजलाही नाही. सिमेंटने तिची बोटं सोलून निघाली होती. तिने फावडं फेकलं आणि तशीच, गुडघ्यापर्यंत माखलेली, तरातरा दाराकडे निघाली. आज बोलायचं सगळं बोलून टाकायचं होतं.

तोच आत काहीतरी पडलं. "हात लावू नकोस त्याला!" वडील ओरडले. मग दार आपटलं. मग काहीच ऐकू आलं नाही.

तिच्या मागे नळी खाकरली आणि पाणी धो धो सुटलं.

कोणी सोडलं, का सोडलं, हे विचारायला वेळ नव्हता. तिने धावत जाऊन फावडं उचललं. कालवलं, घमेली भरभरून ओतली, थापीने दाबलं. पुन्हा कालवलं. घाम डोळ्यांत जात होता. मान वर केली तेव्हा आई मागच्या दारातून बाहेर येत होती. तिच्या बाह्या ओल्या होत्या.

"काय निरोप आहे त्यांचा?" लेकीने विचारलं.

 कडेकडेने चालत आई पलीकडच्या टोकाला गेली. तिथे अजून काँक्रीट पोचलं नव्हतं, नुसती फळी उभी होती. ती वाकली, फळीची खुंटी दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवून उपटून काढली.

"आई! काय करतेयस?" तिचा आवाज चिरकला. "त्यांनी पाठवलंय ना तुला? जन्मभर त्यांचं सांडलेलं पुसलंस, आता माझं उभं राहायच्या आधीच मोड!"

आईने दुसरी खुंटी उपटली. मोकळी झालेली फळी छातीशी धरून ती चार पावलं पलीकडे गेली, फळी जमिनीवर उभी केली आणि मागे वळून जागेचा अंदाज घेतला.

"एवढ्याशा खोलीत दोन पलंग कसे मावतील गं?"