बागेतली शिडी

"गुलाबांच्या बागेत उतरायला लोखंडी शिडी कशाला लागते?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून गावच्या इतिहास मंडळाच्या सभेत मी हे खरंच विचारलं.

अध्यक्ष मिसेस ऑगिल्वी कडाडल्या, "उद्याच्या मिरवणुकीतली गुलाबराणी ना तू? मग नुसतं हसायचं आणि हात हलवायचा. भलत्या चौकशा नकोत!"

तेवढ्यात रुळांपलीकडच्या वस्तीतले म्हातारे मिस्टर टॉलिव्हर मागून उठले. "मी सांगतो, पोरी. तिथं गावाचा पोहण्याचा तलाव होता. आम्हा काळ्या पोरांनाही पोहू द्या, असा कोर्टाचा हुकूम आला. मी टॉवेल घेऊन धावत पोचलो, तर आमच्याबरोबर पोहायला नको म्हणून गोरे लोक तलावातच ट्रकनं माती ओतत होते. शिडी तेवढी उपटायची राहिली."

"कोण ओतत होतं?"

"बागेतली पाटी वाच की. देणगीदार कोण?"

वाचायची गरजच नव्हती. पाटीवर माझ्या आजोबांचं नाव आहे. मला आजवर वाटायचं, त्यांनी गावाला गुलाब दिले.

सभेची बातमी माझ्याआधीच घरी पोचली होती. मी आल्या आल्या बाबांनी टेबलावर हात आपटला. "त्या थेरड्याचं ऐकून घराण्याची शोभा करू नकोस. आजोबांच्या नावासाठी तरी उद्या मिरवणुकीत उभं राहायचं!" आईनं गुलाबी झगा माझ्यापुढे धरला.

"राहणार ना! मुकुट घालून, अगदी पहिल्या गाडीवर," मी म्हणाले. दोघांचाही जीव भांड्यात पडला.

"झगा मात्र ठेवून दे, आई. मी पोहायच्या कपड्यांत येणार आहे, खांद्यावर टॉवेल टाकून."