शिशाचा ठोकळा

ग्लायडर माळावर उतरून थांबलं, तेव्हा ग्लायडरला दोरानं ओढून उडवणाऱ्या विंचवरचे हणमंतकाका धावत आले. त्यांच्या खांद्यावर शिशाचा ठोकळा होता, नारळाच्या पाण्यानं अजून ओला.

"ताई, ह्यो हितंच राहिला," ते म्हणाले.

हे ग्लायडर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं खपून बांधलं. एकाच माणसाचं, आणि तेही स्वतःच्या वजनावर बेतलेलं. पहिल्या उड्डाणाला आठवडा उरला असताना ते गेले. मी त्यांच्यापेक्षा बावीस किलोंनी हलकी, म्हणून माझ्या पायांपुढे बावीस किलो शिसं ठेवायचं ठरलं. ते नसेल तर नाक वर उठतं आणि ग्लायडर कोसळतं. सकाळी नारळ फोडायला दगड शोधला, पण धावपट्टीवर आम्ही खडासुद्धा ठेवला नव्हता. मग तो ठोकळाच बाहेर काढला, आणि परत ठेवायचा राहून गेला.

"पण नाक जराही उठलं नाही, काका," मी म्हणाले. "अण्णांनी कागदावर काढलं होतं, तस्संच उडालं."

पट्टे सोडून मी खाली उतरले. पायलट उतरला की रिकाम्या ग्लायडरचं नाक वर उठतं आणि शेपटी गवतावर टेकते.

शेपटी वरच राहिली.

काकांनी ठोकळा खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. आम्ही दोघं अण्णा उतरायची वाट बघत उभे राहिलो.