किती दिसतात?

गिरणीतली पहिली पाळी सुटून धोंडू डिलाईल रोडवरच्या खोलीत आला की केसांतला कापूसही झटकायचा नाही. आधी सात वर्षांच्या कांताला दारातल्या उजेडात उभी करायचा आणि तिच्या डोळ्यांपुढून एक बोट फिरवायचा. "किती?" "एक!" मग लिमलेटची गोळी. गेले पाच महिने हा खेळ चालला होता. त्याच्या बायकोला, कालिंदीला, बापलेकीचं हे वेड फार आवडायचं.

आज बोट डावीकडे गेलं. कांताचा उजवा डोळा त्याच्यामागे गेला. डावा मधेच अडकला.

"किती गो?"

"दोन."

"नीट बघ."

"दोनच आहेत. एक तुझं, एक त्याच्या बाजूला."

खाली संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेली माणसं धोंडूला हाका मारत होती. तो उंबऱ्यावर बसून राहिला.

"लबाड आहे," कालिंदी हसत म्हणाली. "दोन गोळ्या हव्यात तिला."

धोंडूनं खरंच दोन गोळ्या दिल्या आणि पोरीला शेजारच्या कमलमावशीकडे पिटाळलं.

"इस्पितळात न्यायला हवी. आत्ताच."

"डोळ्यासाठी? गुलाबपाणी घालते की."

"डोळ्याचं नाही ते. रक्ताचंच, ते मागचंच दुखणं. परत आलं तर कधीकधी डोळ्यातनं कळतं, डॉक्टर म्हणाले होते."

"परत? बरी झाली म्हणालात ना तुम्ही?"

"सध्या रक्त साफ आहे, एवढंच म्हणाले होते ते. बहुतेक पोरांना उलटतोच हा आजार."

कालिंदीला चाळीत वाटलेले पेढे आठवले. खोका यानंच धरला होता. परक्यानं फसवलं असतं तर तिनं शिव्या तरी घातल्या असत्या.

"तू हसायला लागली होतीस," धोंडू म्हणाला. "मला धीर झाला नाही."

"म्हणून बोटीनं गावी नेलंत? देवीपुढं माझ्या शेजारी उभे राहिलात. ओटी भरली, नवस फेडला. तेव्हाही ठाऊक होतं तुम्हाला?"

"तुला तेवढंच समाधान..."

"समाधान!" कालिंदी ओरडली. "अहो, नवस फेडला की देवी मोकळी होते. मला एक शब्द बोलला असतात, तर फेडलाच नसता मी. जन्मभर अडकवून ठेवली असती देवीला."