दोन गावांच्या मधलं घर

बसा जरा, एका घराची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण सांगताना अजून डोकं तापतं.

केझाया थर्लोचं घर बरोबर शिवेवर होतं. चूल ओव्हरब्रूकात, पलंग विथकोमात. दर वसंतात दोन्ही गावं एकाच दिवशी आपापली शीव चालायची. पुढं पाद्री, मागं छड्या घेतलेली माणसं. जिथनं चाललं तिथवर आपलं गाव, म्हणून शीव सोडायची नाही. तळं आलं तर तळ्यातनं, घर आलं तर घरातनं. तिच्या दारातनं शिरायचे, मागच्या खिडकीतनं उतरायचे. जाताजाता तिचा पाव खायचे, बिअर प्यायचे. वर्षानुवर्षं तिनं हसत वाढलं.

मग नवरा गेला. तिची बोटं वाकडी झाली, काम सुटलं. गावानं आपल्या गरिबाला पोसायचं, असा कायदाच होता. जिथं अंथरूण, ते गाव. पण विथकोमवाले म्हणाले, शीव पलंगाच्या पलीकडनं जाते, बाई आमची नाही. तिनं पलंग ओढत चुलीपाशी नेला. तर ओव्हरब्रूकचा कारभारी जेबझ रड हसला. "पाव दिसेल तिकडं लोळणार का, म्हातारे?"

हिवाळाभर ती धुमसत राहिली. येतील ना शीव चालायला? सगळ्यांदेखत विचारते मग.

त्या दिवशी तिनं दार सताड उघडलं. जेबझ माणसं घेऊन आला.

"ये जेबझ, आत ये," ती म्हणाली. "फक्त पाय टेकलास की तोंडानं सांग, कुणाच्या गावात टेकलास ते."

जेबझनं पाद्र्याकडं बघितलं. पाद्र्यानं पुस्तकात डोकं घातलं.

"आपली शीव भिंतीबाहेरनं जाते," जेबझ म्हणाला, आणि डावीकडं वळला.

मागनं विथकोमवाले आले, ते उजवीकडनं गेले. हातभर बांधासाठी एकमेकांची डोकी फोडणारी ही माणसं. त्यांनी आख्खं घर सोडलं, विहीर सोडली, सफरचंदाची झाडं सोडली. घरामागं गाठ पडली तेव्हा एकमेकांना टोप्या काढून रामराम केला.

केझायानं दार लावून घेतलं. पुढच्या थंडीत ती गेली, तेव्हा एकाही गावच्या चर्चची घंटा वाजली नाही.

घर अजून उभं आहे. दोन्ही गावांच्या शिवेच्या वाटा त्याला वळसा घालून जातात. कधी तिकडनं गेलात तर माझं एक ऐका. वळसा घालू नका. दार ढकला आणि सरळ आतनं जा.