उजवा पाय

संक्रांतीच्या सकाळी पाया पडायला वाकलेली सून सारिका उठेचना. तिचे हात हौसाबाईंच्या पावलांवरच राहिले.

"पाया पडतेस का मेंदी काढतेस?" हौसाबाई कडाडल्या.

"आत्याबाई, उजवा पाय तव्यासारखा तापलाय. सुजलाय पण."

"दुखतंय कुठं? पंधरा वर्षं अंगात साखर घेऊन वावरतेय मी. तुमच्यासारखी उठता-बसता कण्हत नाही!"

पण सारिकाने त्यांना दवाखान्यात नेलंच. एक्स-रेत पावलाची दोन हाडं मोडलेली निघाली. त्याच पायावर त्या तीन आठवडे घरभर फिरल्या होत्या.

"साखरेनं पायाची जाणीव गेलीय, म्हणून मोडलेलं कळलं नाही," डॉक्टर म्हणाले. "थोडी जरी शिल्लक असली तरी पाय वाचवणं सोपं जाईल. डोळे मिटा. बोट लागलं की सांगा."

हौसाबाईंनी डोळे मिटले, सुनेचा हात घट्ट धरला आणि वाट पाहिली. बाहेर कुणाच्यातरी चपला वाजल्या, डोक्यावरचा पंखा कुरकुरला. पायाला मात्र काहीच कळेना.

"आई गं! दुखलं, दुखलं की!" त्या ओरडल्या.

"आजी," डॉक्टर हळूच म्हणाले, "मी अजून हातच लावला नाही."